बोलण्यातला ऐकणाऱ्याचा वाटा

संवादकौशल्य या विषयावर जे काही लिहिले, शिकवले आणि विकले जाते, त्यातले बहुतेक सगळे बोलणाऱ्याला उद्देशून असते. उभे कसे राहावे, आवाज कुठे चढवावा, मुद्दे कोणत्या क्रमाने मांडावेत, नकार गोड शब्दांत कसा द्यावा, याची शिकवणी मुबलक मिळते. ऐकण्याविषयी काही सांगितलेच तर ते शेवटच्या पानावर, आणि तेही सद्वर्तनाचा उपदेश म्हणून : समोरच्याचे शांतपणे ऐकून घ्यावे, मध्ये बोलू नये. ही मांडणी मला मुळातच उलटी वाटते. समोरचा माणूस कसा ऐकतो, किंवा तो कसा ऐकेल असे आपल्याला वाटते, त्यावरून आपण काय बोलू, किती बोलू आणि मुळात तोंड उघडू की नाही हे ठरत असते. घरातले संबंध, कामाच्या ठिकाणचे निर्णय आणि करमणुकीचे जग या तिन्ही ठिकाणी वक्तृत्वाचे जे रूप आपल्याला दिसते, ते घडवण्यात ऐकणाऱ्याचा हात बोलणाऱ्याइतकाच असतो, असे माझे मत बनत गेले आहे आणि त्याचीच कारणे इथे मांडायची आहेत.

याचा एक सरळ पुरावा २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सापडतो. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना आपल्या आयुष्यातला थोडक्यात निभावल्याचा प्रसंग एका अनोळखी व्यक्तीला सांगायला लावला. काही श्रोत्यांना मात्र वेगळेच काम दिलेले होते : बोलण्यात एका ठरावीक अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजत राहायचे. असा श्रोता शब्द न् शब्द टिपत होता, पण गोष्ट ऐकत नव्हता. त्यामुळे नेमक्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर धास्ती उमटत नव्हती आणि तोंडातून ‘बाप रे’ निघत नव्हते. परिणाम असा झाला की सांगणाऱ्यांच्याच गोष्टी बिघडल्या, आणि त्या विशेषकरून शेवटाला बिघडल्या. ऐन रंगायच्या जागी त्या तुटक झाल्या, काहींनी शेवट पुन्हा पुन्हा सांगितला, तर काही जण प्रसंग खरोखरच धोक्याचा होता याचे समर्थन करत बसले. प्रसंग त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातला होता आणि तो त्यांना चांगला आठवत होता, तरीही तो नीट सांगता येणे समोरच्या चेहऱ्यावर अवलंबून निघाले.

ही गोष्ट विसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्यांदा कळली असे मात्र नाही. वक्तृत्वावरील आपल्या ग्रंथात ॲरिस्टॉटलने भाषणाचे बोलणारा, विषय आणि ऐकणारा असे तीन घटक सांगितले, आणि भाषणाचे प्रयोजन ठरते ते यांतल्या शेवटच्या घटकावरून, हेही तिथेच नोंदवून ठेवले. ऐकणारा न्यायाधीश असेल तर बोलणे झालेल्या गोष्टींविषयी होते, निर्णय घेणारा सभासद असेल तर व्हायच्या गोष्टींविषयी होते, आणि तो नुसता प्रेक्षक असेल तर तो वक्त्याचे कसब पाहायला बसलेला असतो. त्याच ग्रंथातली वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद ही त्रयी प्रशिक्षणवर्गांतून हमखास फळ्यावर लिहिली जाते. बोलणारा, विषय आणि ऐकणारा या त्रयीच्या वाट्याला तो मान क्वचितच येतो. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितले ते केवळ अवधान, आणि पुढच्याच श्वासात त्यांनी हेही सांगून टाकले की सर्वज्ञांच्या समाजात आपण हे प्रौढीने बोलत नसून ही सलगीची विनवणी आहे. त्या ओव्यांमागचा भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवून नुसत्या वक्तृत्वाच्या अंगाने पाहिले, तरी श्रोत्याला आधी काम सोपवणारी आणि मग त्याचा मान राखणारी ही सुरुवात थक्क करणारी आहे.

ऐकणे हे स्वस्थ बसून राहणे नव्हे, हे कळायला संभाषणाचा वेग पाहणे पुरेसे आहे. दहा वेगवेगळ्या भाषांमधील प्रश्नोत्तरांचा एक तौलनिक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांतले अंतर सरासरीने सेकंदाच्या पाचव्या भागाच्या, म्हणजे सुमारे २०० मिलिसेकंदांच्या आसपास असते. याउलट एखादा साधा शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायलाच सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ समोरच्याचे वाक्य संपण्यापूर्वीच आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते, आणि त्याचे वाक्य कधी संपेल याचा अंदाजही बांधलेला असतो. ‘आधी पूर्ण ऐका आणि मगच उत्तराचा विचार करा’ हा उपदेश त्यामुळे जितका सात्त्विक वाटतो तितका आचरणात आणण्याजोगा नाही.

वेग इतका नेमका असल्यामुळेच विलंबालाही अर्थ येतो. होकार चटकन येतो आणि नकार अडखळत, कारणे पुढे करत येतो, हे संभाषणाचे विश्लेषण करणाऱ्यांनी ध्वनिमुद्रणांच्या आधारे दाखवून दिले आहे. ‘रविवारी सामान हलवायला येशील का?’ असे विचारल्यावर पलीकडून क्षणभर काहीच आले नाही, तर विचारणारा स्वतःच ‘नाही, जमत नसेल तर राहू दे’ असे म्हणून मोकळा होतो. नकार उच्चारलाच गेला नाही, तरी तो देऊन झाला आणि स्वीकारूनही झाला. दूरस्थ बैठकांमध्ये आवाज पोहोचायला जो उशीर लागतो, त्याचा सारा दोष याच कारणाने माणसांच्या माथी येतो : यंत्राची दिरंगाई आपल्याला समोरच्याची नाखुशी वाटते.

नातेसंबंधांकडे या दृष्टीने पाहिले की भांडणांपेक्षा किरकोळ बोलण्याकडे अधिक लक्ष जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी जोडप्यांचे बोलणे वर्षानुवर्षे चित्रित करून अभ्यासले. ‘बघ, किती मोठा पक्षी आहे’ यासारखी वरवर अर्थहीन वाक्ये ही प्रत्यक्षात समोरच्याचे लक्ष मागणारी आर्जवे असतात, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार, लग्नानंतर सहा वर्षांनीही एकत्र असलेल्या जोडप्यांनी सुरुवातीच्या निरीक्षणात अशा आर्जवांना १०० पैकी ८६ वेळा प्रतिसाद दिला होता, तर विभक्त झालेल्यांनी ३३ वेळाच. आकड्यांपेक्षा मला त्यामागची यंत्रणा महत्त्वाची वाटते. ज्याच्या आर्जवाला प्रतिसाद मिळत नाही तो पुन्हा तितक्याच उत्साहाने आर्जव करत नाही, त्याची वाक्ये आखूड होतात, हळूहळू ती कामापुरती उरतात, आणि मग एके दिवशी दुसरा माणूस तक्रार करतो की तू आता माझ्याशी काही बोलतच नाहीस. ही तक्रार खरी असते. फक्त तक्रार करणाऱ्याला तिचा उगम कळलेला नसतो.

दुःखाच्या वेळी साथ देणे हे नात्याचे लक्षण मानले जाते, पण आनंदाच्या वेळच्या ऐकण्याकडे फारसे कोणी पाहत नव्हते. शेली गेबल यांनी २००४ मध्ये मांडलेल्या संशोधनाने ते केले. बढती मिळाली, परीक्षा पार पडली, अशी चांगली बातमी सांगितल्यावर समोरचा खुलून प्रश्न विचारतो, नुसते ‘छान’ म्हणतो, त्यातला धोका दाखवतो की विषयच बदलतो, यावरून त्या नात्यातले समाधान बरेचसे उमगते. यातला ‘छान’ हा प्रकार फसवा आहे. त्यात कसलाही दुष्टावा नसतो आणि सांगणाऱ्यालाही बोट ठेवण्याजोगे काही सापडत नाही. तरीही पुढची चांगली बातमी तो आधी दुसऱ्या कोणाला तरी सांगतो.

भांडणांविषयी बोलायचे तर मला आधुनिक समुपदेशनाच्या पुस्तकांपेक्षा न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातली जुनी वर्गवारी अधिक उपयोगी वाटते. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले : तत्त्व कळावे म्हणून प्रमाणांच्या आधारे चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष पाडण्यासाठी चालते ती वितंडा. जल्पात जी हत्यारे चालतात त्यांत छल हे एक आहे, आणि छल म्हणजे बोलणाऱ्याच्या वाक्याला त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ चिकटवून त्या अर्थाचे खंडन करणे. दैनंदिन भांडणाचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. एक जण म्हणतो, ‘तू नेहमी उशिरा येतोस.’ दुसरा म्हणतो, ‘नेहमी? परवा तर मी तुझ्याआधी आलो होतो.’ बोलणाऱ्याला मोजणी मांडायची नव्हती, आपल्याला ताटकळावे लागते हे सांगायचे होते, आणि ऐकणाऱ्याला ते उत्तम कळलेले होते. त्याने मुद्दाम वाक्याचा तो भाग उचलला जो खोडून काढता येईल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की छल ही बोलण्यातली लबाडी वाटत असली तरी तिची सुरुवात ऐकण्यात होते.

न्यायसूत्रकार जल्पवितंडेला सरसकट हद्दपार करत नाहीत, हेही मला आवडते. अंकुराचे रक्षण करायला भोवती काटेरी फांद्या लावतात तसा त्यांचा उपयोग, असे ते सांगतात. कपटाने अंगावर येणाऱ्या प्रतिपक्षासमोर कुंपण लागतेच. मात्र वाद कोणाशी करावा हे सांगताना त्यांनी शिष्य, गुरू, सहाध्यायी, म्हणजे मत्सर न बाळगणारी माणसे सांगितली. रोज एकाच घरात वावरणाऱ्या दोन माणसांनी परस्परांभोवती काटे रचून ठेवले असतील, तर आत जपायचा अंकुर नेमका कोणाचा आहे असा प्रश्न पडतो.

कामाच्या ठिकाणी याच गोष्टीची किंमत मोजता येते, आणि विमानवाहतुकीत तर ती माणसांच्या संख्येतच मोजावी लागली आहे. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवृष्टी चालू असताना एअर फ्लोरिडाच्या विमानाने उड्डाणासाठी धाव घेतली. इंजिनाची शक्ती दाखवणारा आकडा बर्फ धरल्यामुळे खोटा येत होता. सहवैमानिकाला ते जाणवले, आणि त्याने धावपट्टीवरच्या त्या थोड्या क्षणांत हे बरोबर दिसत नाही असे पुन्हा पुन्हा सुचवले. कप्तानाने ते बरोबर आहे असे सांगितल्यावर सहवैमानिकाने आधी पुन्हा शंका व्यक्त केली आणि मग स्वतःच, असेलही बरोबर, असे म्हणून ती मागे घेतली. विमान पुलाला धडकून पोटोमॅक नदीत कोसळले आणि पुलावरच्या चौघांसह ७८ जण मेले. पुढे २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्ककडे येणारे आविआंकाचे विमान खराब हवेमुळे दीर्घकाळ घिरट्या घालत राहिले आणि इंधन संपून लाँग आयलंडवर पडले. १५८ पैकी ७३ जण दगावले. इंधन संपत आल्याचे सहवैमानिकाने नियंत्रकाला कळवले होते, पण आणीबाणी जाहीर करणारा तो ठरलेला शब्द उच्चारला नव्हता, आणि इंधनाचा उल्लेख दुसऱ्या एका सूचनेला होकार देतादेता, जणू जाताजाता केला होता.

या दोन्ही सहवैमानिकांना भाषा येत होती, माहितीही होती. अडचण ऐकणाऱ्याच्या स्थानात होती. वरच्या माणसाशी बोलताना वाक्याची धार कमी करायची, विधानाचा प्रश्न करायचा, प्रश्नाचे पुटपुटणे करायचे, ही सवय इतकी खोल असते की मृत्यू काही सेकंदांवर असतानाही ती सुटत नाही. सौजन्याच्या भाषेचा अभ्यास करणारे पेनलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी दाखवले आहे की ऐकणाऱ्याचा अधिकार, त्याच्यापासूनचे अंतर आणि मागणीचे ओझे जितके वाढते तितका बोलणारा आडवळणे घेतो. घरी किंवा मेजवानीत ही आडवळणे सुसंस्कृतपणाची असतात. विमानाच्या चालककक्षात त्यांना बंदी घालावी लागते.

विमानवाहतुकीने तेच केले, आणि म्हणून मला तिचा इतिहास वाचायला आवडतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ जण ठार झाले, तेव्हा उड्डाण घेऊ पाहणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का, अशी शंका विचारली होती, आणि ज्येष्ठ कप्तानाच्या ठाम उत्तरापुढे ती तिथेच विरली. या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असा दंडक पडला. सूचना ऐकणाऱ्याने ती उलट म्हणून दाखवण्याच्या रीतीवर भर वाढला. १९७९ साली नासाने भरवलेल्या कार्यशाळेपासून वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे जे नवे वळण सुरू झाले, त्यात सहवैमानिकाला स्पष्ट बोलायला शिकवतात, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कप्तानाला विचारायला आणि ऐकायला शिकवतात. हे दुसरे शिकवल्याशिवाय पहिले टिकत नाही.

दुर्दैवाने हा धडा नासाच्याच दुसऱ्या दालनात पोहोचला नव्हता. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी, चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी-बैठकीत सांगितले की इतक्या थंडीत जोडांमधली रबरी कडी नीट बसेल याची खात्री नाही, तेव्हा उड्डाण करू नये. या प्रसंगाकडे एरवी धोक्याचा इशारा धुडकावल्याची गोष्ट म्हणून पाहिले जाते, परंतु वक्तृत्वाच्या दृष्टीने तिथे काही अधिक सूक्ष्म घडले. एरवी उड्डाण सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उड्डाण करू म्हणणाऱ्यांवर असे. त्या रात्री ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचे ओझे ‘नको’ म्हणणाऱ्यांवर येऊन पडले. ज्याच्याजवळ पुरेशी आकडेवारी नाही त्याची शंका एरवी शंका म्हणून मोजली जाते; इथे ती अपुरा पुरावा ठरली. कंपनीच्या एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची घालायला सांगितले, सल्ला बदलला, आणि दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान फुटून सातही जण मृत्युमुखी पडले. प्रिय बोलणारे नेहमीच सापडतात, पण अप्रिय आणि तरीही हितकर असे बोलणारा दुर्मीळ आणि ते ऐकणाराही दुर्मीळ, या अर्थाचा श्लोक रामायणात मारीच रावणाला ऐकवतो. सुभाषित म्हणून तो उद्धृत करणारे पुष्कळ आहेत. त्याच्या उत्तरार्धातला ‘आणि ऐकणाराही’ हा भाग मात्र त्यांच्यातल्या अधिकाऱ्यांना बहुधा आठवत नाही.

बैठकांची इतिवृत्ते लिहिण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे आहे, आणि त्यामुळे एक गोष्ट मला जवळून पाहायला मिळते. कनिष्ठ सहकारी म्हणतो, ‘नाही म्हणजे, करता येईल, फक्त मुदतीचं थोडं बघायला लागेल असं वाटतं.’ मान्यतेसाठी कच्चा मसुदा फिरतो तेव्हा वरून सुचवलेली दुरुस्ती येते : ‘सर्वांनी मुदतीस सहमती दर्शवली.’ कोणी खोटे लिहायला सांगत नाही. वाक्यात इतकी नरमाई होती की ऐकणाऱ्याला त्यातला नकार ऐकूच आला नाही, आणि इतका नकार होता की बोलणारा पुढे प्रामाणिकपणे म्हणू शकतो, मी तेव्हाच सांगितलं होतं. मी अशा जागी शक्य तितके मूळ शब्द ठेवते, आणि त्यामुळे माझी इतिवृत्ते पाल्हाळिक असल्याची तक्रार कायम असते. ती मला मान्य आहे.

ॲमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या नेतृत्वाखालील, परस्परांशी जुळवून काम करणाऱ्या गटांमध्ये चुकांची नोंद कमी नव्हे तर जास्त आढळली. उलगडा असा की ते गट अधिक चुका करत नव्हते, अधिक चुका सांगत होते. तक्रार नाही, चूक नाही, प्रश्न नाही अशा निर्मळ अहवालांकडे त्यामुळे जरा संशयानेच पाहायला हवे. इथे एक राग काढून घेते. कार्यालयीन प्रशिक्षणात आजही सांगितले जाते की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, उरलेला आवाजाचा आणि देहबोलीचा. आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या ज्या प्रयोगांतून हे आकडे आले, ते सुट्या शब्दांमधून व्यक्त होणाऱ्या आवडी-नावडीपुरते होते, आणि इतर संवादाला ते लागू नाहीत असे स्वतः मेहराबियन यांनी सांगितलेले आहे. शब्द खरोखर ७ टक्के असते तर परक्या भाषेतला चित्रपट आपल्याला जवळजवळ पूर्ण कळला असता.

आता लोकप्रिय संस्कृतीकडे वळू, कारण तिथे ऐकणाऱ्याच्या वाट्याचा सर्वांत विलक्षण इतिहास आहे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी सुमारे अडीच लाख लोकांसमोर केलेल्या भाषणातला स्वप्नाविषयीचा भाग त्यांच्या हातातल्या मसुद्यात नव्हता. गायिका महालिया जॅक्सन यांनी मागून, त्यांना स्वप्नाबद्दल सांगा, असे पुकारले, आणि किंग यांनी कागद बाजूला सारला, अशी आठवण त्यांचे सहकारी क्लॅरन्स जोन्स यांनी सांगितली आहे. ज्या कृष्णवर्णीय चर्चच्या परंपरेत किंग वाढले, तिथे प्रवचन हे एकट्याचे नसते. श्रोते हाकेला हाक देतात आणि वक्ता त्या प्रतिसादावर पुढचे वाक्य उचलतो. एका शतकातले बहुधा सर्वांत गाजलेले भाषण त्याच्या सर्वांत गाजलेल्या भागात श्रोत्याच्या सूचनेवरून वळले, यात त्यामुळे नवल नाही.

टाळ्यांचेही शास्त्र आहे. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ मॅक्स ॲटकिन्सन यांनी राजकीय सभांची ध्वनिमुद्रणे तपासून १९८४ साली दाखवले की टाळ्या मजकुराच्या थोरवीवर कमी आणि वाक्याच्या घडणीवर अधिक अवलंबून असतात. तीन गोष्टींची माळ किंवा ‘हे नव्हे, ते’ असा विरोध मांडला की कुठे संपणार हे श्रोत्याला आधीच कळते, आणि टाळी वाजवताना आपण एकटे पडणार नाही याचा भरवसा येतो. पाठोपाठ जॉन हेरिटेज आणि डेव्हिड ग्रेटबॅच यांनी १९८१ च्या ब्रिटिश पक्ष-अधिवेशनांतील ४७६ भाषणे तपासली, तेव्हा जवळपास दोन तृतीयांश टाळ्या अशा मोजक्या सात रचनांच्या मागोमाग आलेल्या आढळल्या. म्हणजे वक्ता टाळी ओढून घेतो हे खरे, पण तो ती ओढू शकतो ते श्रोत्याला एकटे पडण्याची भीती वाटते म्हणून.

ही भीती जिथे धंद्याची झाली तिथे श्रोताच विकत घेतला गेला. रोमन सम्राट नीरोने पाच हजारांहून अधिक धडधाकट तरुणांना गट पाडून टाळ्या वाजवण्याचे प्रकार शिकवले होते, आणि त्या प्रकारांना ‘गुंजारव’, ‘कौले’, ‘विटा’ अशी नावे होती, असे चरित्रकार स्वीटोनियस लिहितो. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या नाट्यगृहांत भाडोत्री टाळीबाजांचे पथक असे, आणि त्यांच्यात वेळेवर हसणारे, वेळेवर रडणारे अशी श्रमविभागणीही होती. १९५० च्या दशकात चार्ल्स डग्लस या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने हशा आणि टाळ्यांचे मुद्रित तुकडे कळ दाबून सोडणारे यंत्र बनवले, आणि दूरचित्रवाणीवरचे विनोद वर्षानुवर्षे अशा हशावर तरले. २००९ च्या फेब्रुवारीत फेसबुकने ‘लाइक’ची कळ आणली, तेव्हा टाळीबाज, हशाचे यंत्र आणि खरा श्रोता हे तिघे एकाच आकड्यात विलीन झाले. त्या आकड्यासाठी लिहिणाऱ्यांची वाक्येही ॲटकिन्सनच्या वक्त्यांसारखी होत गेली आहेत : आखूड, दोन टोकांची, शेवट आधीच ओळखू येणारी. मतभेद असला तर तोही आता समोरच्याला सांगितला जात नाही, तो गॅलरीला ऐकवला जातो. ही सवय पुढे घरात येते. कोणीही प्रेक्षक नसताना दोघे जण असे भांडतात की जणू त्यांच्या वाक्यांना कोणी तरी गुण देणार आहे.

मात्र यंत्राने श्रोत्याला केवळ भाडोत्री केले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण मायक्रोफोनने त्याला जवळही आणले. त्याच्या आधी गाणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागत असे. त्याच्यामुळे कानात कुजबुजल्यासारखे गाणे शक्य झाले आणि राजकारणालाही तोच स्वर सापडला. १२ मार्च १९३३ रोजी, बँका बंद असताना, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट रेडिओवर बोलले ते आम जनतेपुढे भाषण करावे तसे नव्हे. तुम्ही बँकेत ठेवलेल्या पैशाचे बँक काय करते, ती सगळी रक्कम तिजोरीत का नसते, हे त्यांनी साध्या शब्दांत समजावून सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या, तेव्हा लोक पैसे काढायला नव्हे तर पुन्हा ठेवायला आले. त्यांनी श्रोत्याला घाबरलेला मानले, पण अडाणी मानले नाही, आणि श्रोता त्या अपेक्षेनुसार वागला.

या जवळिकीची दुसरी बाजू डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच हेरली होती. पडद्यावरचा माणूस आपल्याकडे पाहून बोलतो, ओळखीचे हसतो, आणि आपल्याला त्याच्याशी मैत्री असल्यासारखे वाटू लागते. ही मैत्री एकतर्फी असते, कारण पलीकडच्याला आपले अस्तित्वच ठाऊक नसते. आजच्या पॉडकास्टमध्ये तासन्‌तास चाललेल्या गप्पांत तिसरा म्हणून बसण्याचे जे सुख आहे ते याच जातीचे. मला ते कमी लेखायचे नाही. फक्त तिथे ऐकणाऱ्याचे अर्धे काम, म्हणजे बोलणाऱ्याला घडवणे, काढून घेतलेले असते.

आणि आता याच्या नेमका उलट प्रकार आला आहे, ज्यात बोलणारा खरा असतो आणि श्रोता कृत्रिम. एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली एलायझा हा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारकासारखा, माणसाचीच वाक्ये थोडी फिरवून प्रश्नरूपाने परत करत असे. त्याला काहीही कळत नव्हते. वायझेनबाउम यांच्या सचिव महिलेने हा कार्यक्रम तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता, तरीही त्याच्याशी थोडे बोलून झाल्यावर तिने वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. आजचे संवादी कार्यक्रम एलायझाहून अतोनात समर्थ आहेत, आणि त्यांच्याशी मन मोकळे करणाऱ्यांना हसण्याचा अधिकार मला वाटत नाही, कारण न कंटाळणारा, घाईत नसलेला श्रोता ही फार जुनी आणि फार रास्त भूक आहे. माझे कुतूहल वेगळ्या जागी आहे. ज्या श्रोत्याचा मान राखावा लागत नाही, ज्याच्या गप्प राहण्याचा अर्थ लावावा लागत नाही, ज्याच्याशी बोलताना वाक्याची धार कमी करण्याचे कारण नाही, अशा श्रोत्यापुढे वाढलेले बोलणे पुढे एखाद्या ज्येष्ठ कप्तानासमोर अधिक निर्भीड ठरेल, की पहिल्याच आठ्या पाहून अधिक लवकर गप्प होईल, हे दोन्ही मला सारखेच संभवनीय वाटते.